लढाई, भाऊबंदकी आणि गुपितं: आपली ऐतिहासिक कादंबरी कुठून आली

लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी असते बघा, मी पुस्तक घेताना आधी ती बघतो. माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची कादंबरी ‘स्वामी’, तिची जी प्रत माझ्या हातात आली होती तिच्यात अशा तीन चिठ्ठ्या एकावर एक डकवलेल्या, निळे शिक्के एकमेकांत घुसलेले, आणि शेवटची थेऊरची पानं, माधवराव आजारी आणि रमाबाई उशाशी, ती पार मऊ पडलेली, कोपरे गोल झालेले. लढाईची पानं त्यामानानं कडक होती. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की आपला वाचक लढाईसाठी पुस्तक उचलतो आणि घरासाठी वाचतो.

आता हे आलं कुठून ते सांगतो. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणजे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१ची. गुंजीकर बेळगावकडचे, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या शेजारचेच. पण लोकांना खरी चटक लावली ती हरिभाऊ आपट्यांनी. त्यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० साली निघालं आणि त्यात ‘उषःकाल’ आठवड्या-आठवड्याला यायची. आता आठवड्याला एक तुकडा द्यायचा म्हटलं की शेवटाला काहीतरी अडकवून ठेवायलाच लागतं, दारावर थाप पडली, वेषांतर केलेला माणूस कोण ते कळलं नाही, भुयाराचं तोंड सापडलं, आणि पुढचं पुढच्या अंकात. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत रहस्य शिरलं त्यात या छापण्याच्या पद्धतीचा मोठा हात आहे असं मला वाटतं. आणि त्याच ‘उषःकाल’मध्ये बाप आदिलशाहीचा इमानी किल्लेदार आणि पोरगा शिवाजी महाराजांकडे ओढलेला, म्हणजे घरातलं भांडण पण तिथंच आलं.

त्याच हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली आपल्या कोल्हापुरात ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत पण कादंबरी अशी पोचली.

मधल्या काळात एक काम झालं ज्याचं नाव वाचकाला कधी ऐकू येत नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली, इकडं मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं काढत बसले. मोडीतली हजारो पत्रं! आणि त्या पत्रांत नुसत्या लढाया नाहीत हो, कुणाला ताप आला, कोण कुणावर रुसलं, कर्ज कुणाचं किती थकलंय, सगळं आहे. ही पत्रं छापून आली नसती तर १९६२ साली रणजित देसाई ‘स्वामी’ लिहूच शकले नसते असं मी म्हणेन. बखरीत माधवराव पेशवा असतो, पत्रात तो काकाशी भांडून दमलेला पोरगा असतो.

रणजित देसाई कोवाडचे, चंदगड तालुका. ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’वाले शिवाजी सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक होते. दोघं एकाच जिल्ह्यातले. कारण काय ते छातीठोक सांगता येणार नाही, पण ज्या मातीत ते वाढले तिथला इतिहासच असा आहे की लढाई आणि घर वेगळं काढताच येत नाही.

पन्हाळा घ्या. आपण पोरांना घेऊन जातो, तीन दरवाजा बघतो, झुणका-भाकर खातो आणि १६६०चा सिद्दी जौहरचा वेढा सांगतो, शिवा काशीद, बाजीप्रभू, घोडखिंड. सांगायलाच पाहिजे. पण त्याच गडावर वीस वर्षांनी काय झालं ते किती जण सांगतात? ३ एप्रिल १६८०ला शिवाजी महाराज रायगडावर वारले आणि थोरला मुलगा संभाजीराजे पन्हाळ्यावर, त्याला कळवलंच नाही. अंत्यसंस्कार उरकले, रायगडावर दहा वर्षांच्या राजारामाला मंचकावर बसवलं, आणि संभाजीराजांना धरायला मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो हे मंत्री निघाले. सेनापती हंबीरराव मोहिते म्हणजे राजारामाच्या आई सोयराबाईंचे सख्खे भाऊ, भाचा गादीवर बसतोय, आणि हा माणूस त्या दोघांनाच पकडून पन्हाळ्यावर संभाजीराजांसमोर उभं करतो. त्या दिवशी बहिणीला काय वाटलं असेल? हे पत्रात मिळत नाही. इथंच कादंबरी लागते.

आणि ताराराणी. नवरा, म्हणजे हाच राजाराम, १७००मध्ये गेला, सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली, मग संभाजीराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि घरातच लढाई लागली. १७१०ला पन्हाळ्यावर मुलाच्या नावानं वेगळी गादी, तीच आपली करवीरची, म्हणजे कोल्हापूरची. चारच वर्षांत सवत राजसबाईनं स्वतःच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराराणी मुलासकट कैदेत, त्याच गडावर. मुलगा पुढं कैदेतच वारला. मग शाहू महाराजांच्या अखेरच्या दिवसांत या आजी सांगतात की मुलाच्या मागं नातू झाला होता, त्याला गुपचूप गडाबाहेर काढून पानगावला वाढवलं, तो रामराजा. १७४९ला शाहू गेले, रामराजा छत्रपती झाला, वर्षभरात आजीनंच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. आणि १७५२ला जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की हा माझा नातू नव्हेच. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई देवासमोर उभी राहून हे म्हणते! आधी खरं बोलली की नंतर, यावर अजून वाद चालतो. रहस्यकथेत याहून मोठं काय पाहिजे सांगा.

नंतरचं पण कमी नाही. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज दत्तक आलेले, इंग्रजांनी वेडे ठरवले. त्यांचा छळ होतोय म्हणून टिळक-आगरकरांच्या केसरी आणि मराठा या पत्रांनी लिहिलं, कोल्हापूरचे दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली आणि १८८२ला टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ला, विशीतले महाराज नगरच्या किल्ल्यात वारले, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट झाल्यावर. ती पत्रं कुणी बनवली, त्या खोलीत नेमकं काय घडलं, आणि अडीच-तीन महिन्यांत कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंत दत्तक येऊन राजर्षी शाहू महाराज झाला तेव्हा वाड्यातल्या बायकांच्या मनात काय चाललं होतं, एवढ्या तीन प्रश्नांवर सहाशे पानं सहज होतील. मला ती कादंबरी वाचायची आहे, आणि त्यात तोफेचा एक आवाज नसला तरी चालेल.