हायब्रिड रॉकेट ९० वर्षांचं झालं, तरी अजून 'प्रयोग'च का?

परवा भाचा अंबडला आमच्या वर्कशॉपवर आला, हातात ग्रॅफाइटच्या नोझलचं ड्रॉइंग, म्हणे मामा एवढं लेथवर काढून द्या, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, हायब्रिड रॉकेट. मला आधी वाटलं पेट्रोल-बॅटरीवाल्या गाडीसारखं काहीतरी असेल. तसं काही नाही निघालं. मग आठवडाभर रात्री वाचत बसलो.

दिवाळीतला भुईनळा म्हंजे सॉलिड रॉकेट समजा. जळणारं आणि जाळणारं एकत्र कालवून ठासलेलं, एकदा पेटलं की थांबवणं आपल्या हातात नाही. लिक्विडमध्ये दोन्ही पातळ, मग दोन टाक्या, पंप, व्हॉल्व, पायपांचं जंजाळ. आणि हायब्रिड म्हंजे आजीची शेगडी. कोळसा जागेवर, वारा बाहेरून, पंखा जोरात घातला की फुलते, थांबला की मंदावते. कोळशाच्या जागी रबर नाहीतर मेण, वाऱ्याच्या जागी लिक्विड ऑक्सिजन नाहीतर नायट्रस ऑक्साइड, व्हॉल्व बंद केला की खेळ बंद.

ही आयडिया नवी अजिबात नाही. १७ ऑगस्ट १९३३ ला मॉस्कोजवळ नाखाबिनोला सोव्हिएत लोकांनी जीआयआरडी-०९ उडवलं, डिझाइन तिखोनरावोवचं आणि ग्रुपचा प्रमुख कोरोल्योव (पुढे स्पुटनिकवाला), पेट्रोल घट्ट करून भरलेलं आणि वरून लिक्विड ऑक्सिजन. साधारण ४०० मीटर गेलं. त्याच दशकात जर्मनीत खरोखरच्या कोळशावर नायट्रस ऑक्साइड सोडून बघितलं होतं, म्हंजे शेगडीची उपमा मी उगाच नाही दिली! पण मिसाइलवाल्यांना हवं होतं वर्षानुवर्षं भरून ठेवायचं आणि बटण दाबलं की सुटायचं, ते सॉलिडने दिलं, आणि अवकाशात जायला ताकद लिक्विडने दिली, खुद्द कोरोल्योव पुढे लिक्विडकडेच गेला. हायब्रिड मधल्यामधे राहिलं. आपल्या नाशिकजवळ डीआरडीओचं एसीईएम हे केंद्र आहे, तिथेही काम सॉलिडचंच.

आता खरी गोम. ज्या कारणाने हे सेफ आहे ना, त्याच कारणाने ते संथ आहे. इंधन आणि ऑक्सिजन वेगळे, म्हणून ज्वाला इंधनाला चिकटून नसते, थोडी वर तरंगते, तिची उष्णता खाली पोचली की रबराची वाफ होते, ती वाफ वर येते आणि येताना खाली जाणाऱ्या उष्णतेलाच अडवते. त्यामुळे रबर सेकंदाला साधारण एखादा मिलिमीटर झिजतं, फार तर थोडं जास्त. मोठा जोर हवा तर जळायला पृष्ठभाग जास्त हवा, म्हणून इंधनाच्या नळकांड्यात एकाच्या जागी बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी बरीच भोकं पाडतात, मग शेवटी मधल्या भिंती पातळ होऊन तुकडे पडतात, काही इंधन न जळताच उरतं. शिवाय भोक मोठं होत जातं तसं इंधन-ऑक्सिजनचं प्रमाण बदलत राहतं.

अमेरिकेत अॅमरॉक कंपनीने मोठं हायब्रिड रॉकेट करून बघितलं. ५ ऑक्टोबर १९८९, कॅलिफोर्नियातला व्हँडनबर्ग तळ, ऑक्सिजनचा व्हॉल्व गोठला, पुरेसा जोर आला नाही, रॉकेट पॅडवरच जळून आडवं झालं, पण स्फोट नाही. सेफ असल्याचा पुरावा मिळाला, रॉकेट मात्र गेलं. मग २००४ ला स्केल्ड कंपोझिट्स कंपनीचं स्पेसशिपवन हे माणूस नेणारं यान रबर आणि नायट्रसवर १०० किमीच्या वर जाऊन आलं आणि सगळ्यांना वाटलं आता दिवस फिरले.

आणि २६ जुलै २००७ ला मोहावीमध्ये त्याच कंपनीच्या टेस्टमध्ये तिघं गेले. इंजिन पेटवलेलंही नव्हतं, नुसता नायट्रस सोडून बघत होते. माझं मत विचाराल तर 'हायब्रिड सेफ' हे वाक्य तेव्हापासून अर्धवट झालं, रबर बिचारं गरीब आहे, पण टाकीतला नायट्रस स्वतःच विघटन होऊन फुटू शकतो. भाच्याला मी हेच आधी सांगितलं. दुसरं म्हंजे ३६.४ डिग्रीच्या वर नायट्रस पातळ राहतच नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा किती असतो ते सांगायला नको, त्यामुळे टेस्ट जानेवारीत, सकाळी लवकर, आणि टाकी भरताना जवळ कोणी नाही.

झिजण्याच्या प्रश्नावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डमध्ये कॅराबेयोग्लू आणि कँटवेल यांनी भारी तोडगा काढला: मेण, आपलं मेणबत्तीचं पॅराफिन. ते वरून वितळून पातळ थर होतो, जोरात जाणारा वायू त्याचे थेंब उडवून नेतो, त्यामुळे रबराच्या तीन-चार पट वेगाने जळतं, मग एकच भोक पुरतं. पण मेण ओतायला गेलं की थंड होताना आकसतं, चिरा पडतात, आणि ताकद तर काहीच नाही.

तरी गाडी हलतेय. नॉर्वेचं न्यूक्लियस हे हायब्रिड रॉकेट २०१८ मध्ये १०७ किमी गेलं. जर्मन हायइम्पल्स कंपनीने मे २०२४ ला ऑस्ट्रेलियातून मेणावरचं रॉकेट उडवलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईजवळून रूमी-१ हे हायब्रिड रॉकेट गेलं. ३० जुलै २०२५ ला ऑस्ट्रेलियाच्या गिलमोर कंपनीचं एरिस रॉकेट ऑर्बिटसाठी निघालं आणि १४ सेकंदांत खाली आलं.

राहिलं नोझल, म्हंजे गरम वायू बाहेर पडायचं तोंड. त्याचा ग्रॅफाइटचा घसा, म्हंजे सगळ्यात अरुंद जागा, गरम वायू खातो, तो रुंद झाला की आतलं प्रेशर पडतं, आणि हायब्रिडमध्ये ऑक्सिजन जास्त झाला की जास्तच खातो. भाच्याच्या ड्रॉइंगवर घशाचं माप अगदी शंभराव्या भागापर्यंत दिलंय, पहिल्या टेस्टनंतर त्याला काही अर्थ उरणार नाही. मी दोन पीस काढून ठेवतोय.