एफआरपी, जिनिव्हा आणि अपील: पार्श्वभूमी

जुन्या १९४७ च्या व्यापार करारात तंटा समितीचा अहवाल हरलेल्या देशाच्या संमतीवाचून मंजूर होत नसे. १९९५ मध्ये जिनिव्हा येथे मुख्यालय असलेली जागतिक व्यापार संघटना आली, तेव्हापासून सर्व देशांनी एकमताने फेटाळला तरच अहवाल अडतो. हा नकाराधिकार गेला म्हणूनच सात सदस्यांचे कायम अपील मंडळ नेमले गेले. प्रत्येक प्रकरण त्यांतील तिघांनी ऐकायचे, फक्त कायद्याचे मुद्दे तपासायचे आणि ९० दिवसांच्या आत निकाल द्यायचा, अशी व्यवस्था ठरली.

अथणी, चिक्कोडी, रायबाग भागातील ऊस उत्पादकांशी थेट संबंध असलेला निर्णय १४ डिसेंबर २०२१ चा आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर संघटनेच्या तंटा समितीने ठरवले की २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. वादाचे मूळ एफआरपीत, म्हणजे उसाच्या कायद्याने ठरलेल्या किमान दरात (रास्त व किफायतशीर दर) आहे. हा दर केंद्र सरकार ठरवते, पण पैसे कारखाना देतो. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल देण्याची जबाबदारी १९६६ च्या नियंत्रण आदेशाने कारखान्यावरच टाकली आहे आणि बिल रखडले तर थकबाकीही त्याच्याच नावावर चढते. सरकार खरेदीही करत नाही आणि पैसेही देत नाही, मग हा सरकारी आधार कसा, हा भारताचा युक्तिवाद होता. समितीने तो फेटाळला: किमान दर कायद्याने बांधून दिला की बाजारभावाला आधार दिल्यासारखेच आहे, खरेदीदार कोणीही असो. शिवाय संघटनेच्या कृषी कराराच्या सूत्रात आजचा दर १९८६-८८ च्या आंतरराष्ट्रीय किमतीशी ताडला जातो, त्यामुळे आधाराचा आकडा फुगतो. शेतकऱ्यावर होणारा हा अन्याय खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही दिसेल.

करारातील शब्दांचा अर्थ लावण्याचा हा प्रश्न अपिलात तपासला जायलाच हवा होता. भारताने अपील केलेही, पण ऐकायला कोणी नव्हते. मंडळ मुदत पाळत नाही आणि अधिकाराबाहेर जाते, अशी तक्रार करत अमेरिकेने २०१७ पासून नव्या नेमणुका अडवल्या. डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचीही मुदत संपली. अपील प्रलंबित असेपर्यंत अहवाल मंजूर होत नाही, म्हणून भारतावर त्याची अंमलबजावणी बंधनकारक झालेली नाही. काही देशांनी २०२० मध्ये आपसात पर्यायी अपील व्यवस्था उभारली. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया तिच्यात आहेत, भारत नाही.