सूचनापेटीची किल्ली कोणाकडे? निरीक्षणगृहांतील लैंगिक अत्याचार आणि तक्रारीच्या वाटेचा इतिहास

कोल्हापुरात वांड पोराला 'रिमांड होमात घालीन' असा दम अजून दिला जातो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवायच्या या जागेला १९८६ च्या कायद्याने 'निरीक्षणगृह' असे नाव दिले, पण पेठांमधल्या बोलण्यातून जुना शब्द हटला नाही. त्यामागची समजूतही हटली नाही. तिथे पोरगे धडा शिकायला जाते, आणि आत त्याचे काय होते हे बाहेरच्याने विचारायचे नसते, अशी ती समजूत. आतली लैंगिक अत्याचाराची तक्रार बाहेर का पोचत नाही, याचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. उरलेले अर्धे कायद्यांच्या रचनेत सापडते. दीडशेहून अधिक वर्षांत मुलांना ठेवायच्या जागांची नावे अनेकदा बदलली. आतल्या मुलाने तक्रार कोणापाशी करायची, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

सुरुवात १८५० च्या उमेदवारी कायद्यापासून होते. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली ठेवण्याची ती सोय होती. मग १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळा कायदे आले. मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे ठेवावे आणि त्यांच्यासाठी वेगळी न्यायालये असावीत, असे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने सांगितल्यावर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९२४ मध्ये बालक कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली आणि 'रिमांड होम' हा शब्द मराठीत रुळू लागला.

हा सारा ब्रिटिश मुलखाचा इतिहास. करवीर संस्थान त्याबाहेर होते; ते मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी, म्हणजे १९४८ चा सुधारित मुंबई बालक कायदा झाल्यानंतर. त्याआधी 'घराबाहेर एकत्र राहणारी मुले' म्हटल्यावर कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर यायची ती शाहू महाराजांच्या काळापासूनची बोर्डिंगे. बोर्डिंगात समाजाच्या माणसांची ये-जा असायची आणि मूल सुट्टीला घरी जायचे. रिमांड होमात यातले काहीच नव्हते, आणि हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. मूल सुरक्षित आहे की नाही हे बाहेरची किती माणसे किती वेळा आत येतात यावर ठरते, आणि बंद संस्थेत नेमकी तीच कमी असतात.

१९२४ काय किंवा १९४८ काय, या कायद्यांची नजर मुलगा बाहेर काय करतो यावर होती. आत त्याच्यावर कोणी हात टाकला तर काय, हे त्यांनी गृहीतच धरले नव्हते. कोठडीतल्या लैंगिक अत्याचाराकडे देशाचे लक्ष गेले ते महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणामुळे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, देशभर संताप झाला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. तुरुंग, रिमांड होम, महिलांची वा मुलांची संस्था यांच्या कर्मचाऱ्याने अधिकाराचा गैरफायदा घेऊन तिथल्या स्त्रीवर वा मुलीवर बलात्कार केल्यास किमान दहा वर्षे शिक्षा ठरली. पीडितेने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यातही आली.

पण हा बदल स्त्रिया आणि मुलींपुरता. रिमांड होममध्ये गर्दी असायची ती मुलग्यांची, आणि त्यांच्यासाठी उरले भारतीय दंडसंहितेतले 'अनैसर्गिक' संभोगाचे कलम ३७७. त्यात न बसणारे स्पर्श, कपडे उतरवायला लावणे, रात्री अंथरुणात शिरणे यांसाठी वेगळे लैंगिक गुन्ह्याचे कलमच नव्हते. मग क्रौर्याचे कलम लागायचे. २००० च्या बालन्याय कायद्यातही त्याची कमाल शिक्षा सहा महिनेच होती. अधीक्षक म्हणायचे, पोराला दुसरीकडे हलवू. पोलीस म्हणायचे, आपसात मिटवा. सहा महिन्यांच्या कलमासाठी कोण धावपळ करणार?

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध आदेश दिले, आणि त्याच वर्षी पहिला देशव्यापी बालन्याय कायदा झाला. तो २ ऑक्टोबर १९८७ पासून अंमलात आला. पुढे २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास आला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचे सांगितले. त्यात संस्थांत राहणारी मुलेही होती. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील गतिमंद मुलांच्या निवासी संस्थेतील अत्याचाराच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा संस्थांच्या पाहणीसाठी समिती नेमली. ज्या मुलांना नीट बोलताही येत नव्हते, त्यांनी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकावी अशी अपेक्षा कोणी कशी करणार, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, लागू झाला आणि चित्र बदलले. मुलगा-मुलगी हा भेद गेला. तुरुंग, रिमांड होम (हा शब्द इथे कलमात शाबूत आहे), निरीक्षणगृह किंवा काळजी-संरक्षणाची अन्य जागा, यांच्या व्यवस्थापनातील वा कर्मचारीवर्गातील कोणी तिथल्या मुलावर अत्याचार केल्यास तो 'गंभीर' प्रकार ठरतो. कलम ६ खालील किमान शिक्षा आधी दहा वर्षे होती. १६ ऑगस्ट २०१९ पासून ती वीस वर्षे झाली. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला कलम १० खाली पाच ते सात वर्षे आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ ने संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या क्रौर्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवला.

शिक्षा वाढल्या हे बातम्यांत आले. आमच्या मते खरा बदल पॉक्सोच्या कलम १९ आणि २१ चा. अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता कळलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला यातले काही लागू नाही. त्याने सांगितले नाही म्हणून किंवा सांगितलेले खोटे निघाले म्हणून त्याला शिक्षा होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, उपचार करूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि वेळेवर न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले.

आता प्रत्यक्षात गाडी कुठे अडते ते पाहू. रात्री दहाला एक मुलगा काळजीवाहकाला काही सांगतो. काळजीवाहक अधीक्षकांना सांगतो आणि आपले काम झाले असे समजतो. इथेच पहिली चूक होते. बालन्याय नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याने प्रमुखाला आणि प्रमुखाने बालन्याय मंडळाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या मंडळाला, कळवायचे असते, हे खरे. पण पॉक्सोचे कर्तव्य प्रत्येकाचे स्वतःचे आहे आणि ते पोलिसांना कळवल्याशिवाय पुरे होत नाही. वरच्याला सांगितले हा बचाव चालत नाही. दुसरी चूक अधीक्षकांची: 'आधी शहानिशा करू.' मुलाला कचेरीत बोलावतात, ज्याच्यावर आरोप त्यालाही बोलावतात, समोरासमोर विचारतात. तीन माणसांनी तीनदा विचारल्यावर मुलाच्या सांगण्यात फरक पडतो आणि पुढे कोर्टात उलटतपासणीला तोच फरक कामी येतो.

ऐकणाऱ्याने करायचे ते थोडेच आहे. कोणी, केव्हा, आत्ता धोका आहे का, एवढे समजून घ्यायचे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळ घालून लिहायचे. 'अश्लील चाळे केले' असा कागदी मराठीतला सारांश करायचा नाही. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही. आंघोळ घालायची नाही, अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे धुवायला टाकायचे नाहीत. ओले असतील तर वाळू द्यायचे आणि कागदी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओलाव्याने पुरावा कुजतो. संस्थेतले कपडे सकाळी एकत्र धुतले जातात, त्यामुळे एका रात्रीचा उशीर पुरेसा नुकसानीचा असतो.

सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेण्यासाठी गुन्हा नोंदवण्याची वाट पाहायची गरज नाही. पॉक्सोच्या कलम २७ प्रमाणे गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते, आणि तातडीच्या उपचाराआधी रुग्णालयाने दंडाधिकाऱ्याचे पत्र किंवा अन्य कागद मागायचा नसतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. घाई दोन कारणांनी: नमुने पहिल्या ७२ तासांत मिळण्याची शक्यता जास्त, आणि एचआयव्ही प्रतिबंधाची औषधेही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. ती वेळ उलटली म्हणून तपासणी टाळायची मात्र नाही.

ठाण्यात माहितीला नोंद क्रमांक पडला पाहिजे आणि लिहिलेले वाचून दाखवले पाहिजे. 'हद्द आमची नाही' हे कारण चालत नाही. मुलाचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय, मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा. ज्या संस्थेत घडले तिथल्याच कचेरीत जबाब घेणे म्हणजे कलम पाळून हेतू मोडणे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणारी समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. निरीक्षणगृहातले मूल बालन्याय मंडळाच्या ताब्यात असते, म्हणून समितीकडे जाणारा कागद अनेकदा 'आमच्याकडचे मूल नाही' म्हणून रखडतो. वास्तविक तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमणे हे समितीचे काम आहे आणि मूल कोणत्या संस्थेत आहे यावर ते अवलंबून नाही.

तक्रारीनंतर 'सुरक्षिततेसाठी' हलवले जाते ते बहुतेकदा मुलालाच. उरलेली मुले त्यातून काय शिकतात हे सांगायला नको. हलवायचे ते आरोप असलेल्याला. किमान मुलांशी संबंध येणार नाही अशा कामावर. आरोप मोठ्या मुलावर असेल तर तोही बालकच असतो: कळवणे तितकेच बंधनकारक, पण पुढची कारवाई बालन्याय मंडळापुढे. अशा प्रकारांत मुळाशी बहुधा संस्थेनेच दिलेली सत्ता असते. माणसे कमी म्हणून एखाद्या थोराड पोराला 'मॉनिटर' करतात. जेवणाची वाढ, आंघोळीचा नंबर, झोपायची जागा त्याच्या हाती जाते आणि नवा आलेला मुलगा पहिल्या रात्रीच त्याच्या मेहरबानीवर येतो. नियमांनी ७ ते ११, १२ ते १६ आणि १६ ते १८ असे वयोगट वेगळे ठेवायला सांगितले आहेत. मुले कमी असली की ते सगळे एका हॉलमध्ये झोपतात.

रात्रपाळीची संख्या हा आपल्याकडचा सगळ्यात कच्चा दुवा. अमेरिकेत २००३ च्या कायद्याखाली २०१२ मध्ये आलेल्या मानकांनी बालकोठडीसाठी मुले जागी असताना आठांमागे एक आणि झोपेत सोळांमागे एक कर्मचारी, असे बंधन घातले. आपल्याकडे रात्री एकटा काळजीवाहक जिन्याखालच्या खोलीत असतो आणि कॅमेरा असतो फाटकावर. जोखमीच्या जागा मात्र कोठी, कपडे वाळवायची गच्ची, मागचा जिना आणि संडासाकडचा बोळ. संडास-न्हाणीत कॅमेरा लावायचा नाही, पण तिकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी दिवा आणि कॅमेरा दोन्ही हवेत. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी अशा संस्थांत प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी सांगितली आहे. कंत्राटी स्वयंपाकी आणि वॉचमन त्यातून सर्रास सुटतात.

देखरेखीचे काय होऊ शकते ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरने दाखवले. तिथल्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आला तो टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' पथकाच्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. बाहेरची माणसे मुलींशी निवांत बोलली म्हणून. २०२० मध्ये दोषी ठरलेल्यांत जिल्हा बालसंरक्षण कक्षातील अधिकारी आणि बालकल्याण समितीचा तेव्हाचा अध्यक्षही होता. ज्यांच्याकडे तक्रार जायची तेच.

म्हणून नियमांतली एक साधी ओळ आम्हाला मोलाची वाटते. सूचनापेटी कचेरीपासून लांब, मुलांच्या राहण्याच्या खोल्यांजवळ असावी; किल्ली अधीक्षकाकडे नव्हे तर व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असावी; पेटी दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडावी; आणि तक्रार प्रमुखाविरुद्ध असेल तर त्याने त्या बैठकीत बसू नये. पेटी भिंतीला असते. किल्ली मात्र अधीक्षकांच्या जुडग्यातच सापडते, आणि लिहिता न येणाऱ्यांसाठी शेजारी चित्रे वा खुणांचे कागद नसतात. १०९८ हा क्रमांक भिंतीवर रंगवलेला असतो, पण फोन कचेरीत, साहेबांच्या टेबलावर.

आठवड्याचा हा हिशेब का महत्त्वाचा, ते इतर मुदतींशेजारी ठेवल्यावर कळते. बालन्याय मंडळाने महिन्यातून एकदा निरीक्षणगृहाला भेट द्यायची. निरीक्षण समितीने, ज्यात किमान तीन सदस्य, एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, तीन महिन्यांतून एकदा यायचे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसू लागले आहे, पण तिथवर जायला कोणीतरी वकील लागतो. जामिनावर तीन आठवड्यांत सुटणाऱ्या मुलाच्या मुक्कामात निरीक्षण समिती येईलच असे नाही, मंडळाची भेटही चुकू शकते. त्याच्या वाट्याला पेटी मात्र तीनदा उघडते.