ख्रिसमस बेट: खेकड्यांचं कुठलं, बॉम्बचं कुठलं?

31 डिसेंबरला दुपारचे साडेतीन वाजले की आपल्याकडे बातमी येते: नवं वर्ष ख्रिसमस बेटावर पोचलं. सोबत फोटो रस्ता लालेलाल करणाऱ्या खेकड्यांचा. अहो, ते खेकडे दुसऱ्याच महासागरातल्या, त्याच नावाच्या बेटावरचे. तिथे तेव्हा संध्याकाळचे जेमतेम पाच वाजलेले असतात!

खेकडेवालं बेट बहुतेकांना ठाऊक असतं. जावाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं, जंगलाचं, फॉस्फेटच्या खाणींचं, 361 मीटर उंच.

नववर्षवालं बेट प्रशांत महासागरात, लाइन बेटांच्या माळेत. जमिनीच्या हिशेबाने जगातलं सर्वांत मोठं कंकणद्वीप (प्रवाळांचं कड्यासारखं बेट), पण सपाट, समुद्रातून काही मीटरच वर आलेलं. गावांची नावं लंडन आणि पोलंड. पॅरिस होतं, ते ओस पडलं. 1777 मध्ये कॅप्टन कुक नाताळच्या तोंडावर इथे आला, म्हणून हे नाव. तिथल्या भाषेत ‘टीआय’ या अक्षरांचा उच्चार ‘स’ होतो. म्हणून हे बेट ज्याचं तो देश, Kiribati, म्हणजे किरिबास आणि बेट, Kiritimati, म्हणजे किरिसिमस, ‘ख्रिसमस’चंच तिथलं रूप. ‘किरितीमाती’ छापणाऱ्यांनी नावाची पार माती केली आहे.

खरा घोळ मात्र बॉम्बचा. ‘ब्रिटनने ख्रिसमस बेटावर हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या घेतल्या’ हे वाक्य बरोबर आहे, पण वाचणारा हमखास ऑस्ट्रेलियाकडे वळतो. कारणही तसंच आहे. ब्रिटनने ऑस्ट्रेलियात मॉन्टे बेलो आणि मारालिंगा इथे अणुबॉम्ब फोडलेच होते. त्यात 1957 साली दोन्ही ख्रिसमस बेटं ब्रिटिशांचीच. खेकडेवाल्याचा कारभार सिंगापूरहून चाले, ते ऑस्ट्रेलियाकडे गेलं 1958 च्या ऑक्टोबरात. हायड्रोजन बॉम्ब मात्र प्रशांतातच. पहिले स्फोट 1957 च्या मे-जूनमध्ये, त्याच माळेतल्या निर्जन मॅल्डन बेटाजवळ. मग नोव्हेंबर 1957 पासून सप्टेंबर 1958 पर्यंत किरिसिमसवर. स्फोटाच्या वेळी सैनिकांना पाठमोरं, डोळ्यांवर हात घेऊन बसवत; त्यांत फिजीचेही होते. 1962 मध्ये अमेरिकेनेही तिथेच चाचण्या केल्या.

वाररेषेचा मुद्दा किरकोळ. हवाईचं आणि किरिसिमसचं घड्याळ एकच वेळ दाखवतं, तारखेत मात्र एका दिवसाचा फरक, कारण 1995 च्या तोंडावर किरिबासने रेषा पूर्वेकडे सरकवली.

तेव्हा 1957 चा कागद हाती आला तर नुसत्या ‘ख्रिसमस’वर जाऊ नका. मजकुरात मॅल्डन असेल तर प्रशांत, सिंगापूर असेल तर खेकडे.