आयुष्याच्या दोरीची लांबी

डिसेंबर २०२३मध्ये ‘माणूस कधी मरणार हे सांगणारा संगणक’ अशी बातमी जगभर झळकली. मूळ संशोधन डेन्मार्कमधलं होतं आणि चांगल्या दर्जाचं होतं. ‘लाइफ-टू-वेक’ नावाच्या प्रणालीला लाखो लोकांच्या शिक्षण, नोकरी, उत्पन्न आणि आजारपणाच्या सरकारी नोंदी शिकवल्या होत्या. मग ३५ ते ६५ वयाच्या लोकांबद्दल तिला एकच प्रश्न विचारला: हा माणूस पुढच्या चार वर्षांत जगेल की जाईल? सुमारे ७८ टक्के वेळा तिचं उत्तर बरोबर आलं. पण या परीक्षेच्या गटात निम्मे लोक त्या काळात वारलेले आणि निम्मे हयात, अशी मुद्दाम निवड केलेली होती. म्हणजे नाणं उडवूनही ५० टक्के गुण मिळाले असते. मृत्यूची तारीख सोडाच, वर्षसुद्धा त्यात कुठे नव्हतं. तरी बातम्यांनी त्याचा ‘मृत्यूचा कॅल्क्युलेटर’ केला आणि त्या नावाखाली लोकांची माहिती उकळणारी बनावट ॲप्स निघाली.

या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला. आपण किती जगणार हे कळणार असेल, तर ते कळून घ्यायला आवडेल का? लोक लगेच हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात. मला त्याआधीच अडायला होतं. कळून घेण्यासारखं काही मुळात असतं का?

आपली भाषा म्हणते, असतं. अपघातातून वाचलेल्याची ‘आयुष्याची दोरी बळकट’ असते, गेलेल्याची ‘घटका भरलेली’ असते. दोरी म्हटली की तिला लांबी आली. घटिकापात्र म्हटलं की ते भरायला लागणारा ठरावीक वेळ आला. शरीरात अशी मोजून दिलेली दोरी आहे का, याचं उत्तर द्यायची वाट १८२५ साली एका गणितज्ञाने दाखवली आणि तिच्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

बेंजामिन गॉम्पर्ट्झ लंडनचा. ज्यू असल्यामुळे त्याला विद्यापीठाची दारं बंद होती, गणित तो स्वतःच शिकला आणि पुढे एका विमा कंपनीत हिशेब बघू लागला. मृत्यूच्या नोंदी चाळताना त्याला दिसलं, की मोठेपणी मृत्यूचा धोका वयाबरोबर नुसता वाढत नाही, तो ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. आज बहुतेक देशांत हा दुपटीचा काळ सुमारे ८ वर्षांचा आहे.

हे आकड्यांत मांडून बघा. समजा चाळिशीतल्या १,००० लोकांपैकी वर्षभरात २ जण दगावतात. मग ४८व्या वर्षी ४, ५६व्या वर्षी ८, ६४व्या वर्षी १६, ७२व्या वर्षी ३२, ८०व्या वर्षी ६४ आणि ८८व्या वर्षी १२८. पहिली दोन-तीन पावलं जाणवतसुद्धा नाहीत. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मात्र आठातला एक जण पुढचा वाढदिवस बघत नाही.

आता प्रत्येकाच्या हातात १,००० मण्यांची एक पिशवी आहे असं समजा. चाळिशीत त्यात २ मणी काळे, बाकीचे पांढरे. दरवर्षी न बघता एक मणी काढायचा. पांढरा निघाला तर तो परत आत टाकायचा आणि आणखी एक वर्ष जगायचं. काळे मणी हळूहळू वाढत जातात आणि दर आठ वर्षांनी दुप्पट होतात. शरीराची झीज, पेशींमधले बिघाड, थकत चाललेली प्रतिकारशक्ती हे सगळं त्या काळ्या मण्यांत आलं. पिशवीत काळे मणी किती, हे अगदी नेमकं मोजता आलं तरी काळा मणी कोणत्या वर्षी हाताला लागेल, हे पिशवीत कुठेही लिहिलेलं नसतं.

इथे मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. दोन माणसांना हुबेहूब सारख्या पिशव्या दिल्या, तर त्यांच्या मृत्यूंमध्ये सरासरी किती वर्षांचं अंतर पडेल? गॉम्पर्ट्झच्या नियमावरून ते काढता येतं. दुपटीचा काळ ८ वर्षं असेल, तर धोका दरवर्षी सुमारे ८.७ टक्के या सतत दराने वाढतो. त्या दराचा व्यस्त म्हणजे सुमारे ११.५ वर्षं. त्याला २ने आणि मग २च्या नैसर्गिक लॉगरिदमने, म्हणजे ०.६९३ने गुणलं की उत्तर येतं १६. बरोबर दुपटीच्या काळाच्या दुप्पट! ज्यांना लॉगरिदम नकोसा वाटतो त्यांनी फक्त १६ लक्षात ठेवावा. तंतोतंत सारखा धोका असलेली दोन माणसं सरासरी १६ वर्षांच्या अंतराने जातात. हे अंतर सुरुवातीला काळे मणी किती होते यावर जवळपास अवलंबून नसतं. दोघांच्याही पिशवीतले काळे मणी निम्मे केले, तर दोघांचं आयुष्य सरासरी ८ वर्षांनी लांबतं, पण दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं.

खऱ्या माणसांकडे वळलं तर एकसारखी जुळी भावंडं घ्यावीत. जनुकं तीच, बहुधा घरही तेच. तरीही त्यांच्या मृत्यूंमध्ये सरासरी दहा वर्षांहून जास्त अंतर आढळतं. मोजलेली दोरी असती तर ती या दोघांना सारखीच मिळाली असती.

म्हणून हातावरच्या आयुष्यरेषेवर आयुष्य सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ती रेषा म्हणजे गर्भात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पडलेली त्वचेची घडी आहे. पुढच्या आजारांची खबर तिच्यात यायला वाटच नाही. आणि रक्ताच्या थेंबावरून ‘तुमची उरलेली वर्षं’ सांगू म्हणणाऱ्या जाहिरातीही त्याच रांगेतल्या. गुणसूत्रांच्या टोकांना असलेल्या टेलोमिअरवरच्या संशोधनाला २००९मध्ये नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांच्या रासायनिक खुणांवरून वय ओळखणारं घड्याळ बनवलं, तेही अस्सल विज्ञान आहे. पण अशा मोजण्या फार तर काळ्या मण्यांचा अंदाज देतील.

लोकांना मात्र तेवढंही नको असतं. जर्मनी आणि स्पेनमधल्या दोन हजारांहून जास्त लोकांना विचारलं, की आपल्या मृत्यूचं कारण किंवा जोडीदाराच्या मृत्यूची वेळ अशा पुढे येणाऱ्या दुःखद गोष्टी आधी कळाव्यात का? २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८५ ते ९० टक्के लोक नको म्हणाले.

यावर कोणी म्हणेल, की हे बोलण्यापुरतं झालं. पण एका आजारात दोरीच्या बऱ्याच जवळ जाणारी गोष्ट खरोखर आहे. हंटिंग्टनच्या आजारात चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ही आवर्तनं ४० किंवा त्याहून जास्त असली आणि माणूस पुरेसं जगला, तर मेंदूचा हा आजार होतोच. आईला किंवा वडिलांना असेल, तर मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. चाचणी उपलब्ध होण्याआधी अशा कुटुंबांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं होतं, आम्ही ती करून घेऊ. १९९३मध्ये जनुक सापडलं, नेमकी चाचणी आली, आणि बहुतेक देशांत धोका असलेल्यांपैकी चौथा हिस्साही चाचणीला गेला नाही. ज्यांच्या चिकाटीने हे जनुक हाती लागलं, त्या नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली होती. व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या खेड्यांत त्यांनी वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने गोळा केले. स्वतःबद्दल मात्र त्या दीर्घकाळ जाहीरपणे बोलल्या नाहीत. आपल्यालाही तो आजार आहे हे त्यांनी २०२०मध्ये सांगितलं. आणि इथेही आवर्तनांची संख्या तीच असलेल्या दोन माणसांत लक्षणं सुरू होण्याचं वय कितीतरी वर्षांनी वेगळं असू शकतं. पिशवी इथेही सुटत नाही.

मला विचाराल, तर काळ्या मण्यांचा अंदाज मला हवा आहे. रक्तदाब, साखर, तंबाखू यांचे मणी कमी करता येतात, आणि जे कमी करता येतं ते माहीत असलेलं बरं. पण जे कमी करता येत नाही त्याबद्दल न विचारणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्या जोडीतले जेम्स वॉटसन यांनी स्वतःचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, वाचून जगापुढे खुला केला, तेव्हा एकच जनुक झाकायला सांगितलं: अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेलं एपीओई. त्यांच्या आजीला तो आजार झाला होता. पुढे काही जनुकशास्त्रज्ञांनी लक्षात आणून दिलं, की आजूबाजूच्या अक्षरांवरून ती झाकलेली जागाही ओळखता येईल. मग त्या जनुकाभोवतालची सुमारे २० लाख अक्षरं खुल्या नोंदीतून काढून टाकण्यात आली.