कंट्रोलर सराव इव्हेंट (ऑनलाइन फ्लाइट सिम)

घरी बसून सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्यांना तिकडून खरा माणूस एटीसी (विमानांना सूचना देणारा कंट्रोलर) म्हणून बोलतो, तो बोलणाराही हौशीच असतो आणि त्यालाही शिकावं लागतं. त्याच्या शिकण्यासाठी एखाद्या एअरपोर्टवर ठरवून ट्रॅफिक गोळा करायचं, याला सराव इव्हेंट म्हणतात. व्हॅटसिम (२००१ पासून) आणि इवाओ (१९९८ पासून) ही यातली दोन मोठी नेटवर्क, दोन्ही फुकट, सगळं काम व्हॉलंटिअर लोकांवर चालतं.

याची गरज का पडते ते रेटिंग (कंट्रोलरची पातळी) बघितलं की कळतं. व्हॅटसिमवर एस१ म्हणजे डिलिव्हरी (निघण्याआधी मार्गाची परवानगी) आणि ग्राउंड (जमिनीवरची विमानं), एस२ ला टॉवर (रनवे), एस३ ला अप्रोच (एअरपोर्टच्या आसपासचं आकाश), सी१ ला एनरूट (दूरच्या वाटेवरची विमानं). आता नवीन एस२ पोरगा मंगळवारी रात्री टॉवर उघडून बसला तर तासाभरात दोन विमानं येतात, त्यातला एक मध्येच जेवायला उठून जातो, मग शिकणार काय? एक उपाय स्वेटबॉक्स, म्हणजे वेगळ्या सर्व्हरवर मेंटर खोटी विमानं सोडतो आणि त्यांच्या वतीने स्वतःच बोलतो. उपयोगी आहे, पण मेंटरला रीडबॅक (सूचना पायलटने परत म्हणून दाखवणं) तोंडपाठ असतो. खरा पायलट रनवे चुकीचा वाचतो, चुकीच्या टॅक्सीवेवर वळतो, लँड झाल्यावर रनवेवरच थांबून चार्ट शोधत बसतो. ते सांभाळणं स्वेटबॉक्समध्ये फारसं येत नाही.

आयोजन करणाऱ्याचं खरं डोकं लागतं ते ट्रॅफिक किती ठेवायचं यात. कमी झालं तर सगळे कंटाळतात, जास्त झालं तर विद्यार्थी गप्प होतो आणि फ्रिक्वेन्सीवर सगळे एकाच वेळी बोलायला लागतात. मुंबईचंच घ्या, ०९/२७ आणि १४/३२ (एकेका रनवेच्या दोन दिशांचे नंबर) हे रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे नवशिक्याला दोन्ही एकदम देणं म्हणजे छळच, आधी फक्त २७ वर लँडिंग आणि टेकऑफ दोन्ही एकाआड एक बसवायला लावायचं, दोन लँडिंगमध्ये एक टेकऑफ कधी सुटतो याचा अंदाज आला की पुढचं बघायचं. अप्रोचवाल्यालाही आधीच सांगून ठेवायचं की फायनलवर (लँडिंगआधीच्या सरळ टप्प्यात) नेहमीपेक्षा दोन-तीन मैल जास्त गॅप दे. मला विचाराल तर ओळखीचे सहा-सात पायलट जाहिरात करून आलेल्या तीसपेक्षा बरे, कारण त्यांना "आता मुद्दाम गो-अराउंड कर" (लँडिंग सोडून परत वर जा) असं गुपचूप सांगता येतं.

बाकी तयारी नेहमीची: सगळ्यांची सेक्टर फाइल (कंट्रोलरच्या स्क्रीनवरचा नकाशा) एकच आहे ना ते बघणं, शेजारच्या पोझिशनला माणूस बसवणं, वेळ झुलूमध्ये (म्हणजे यूटीसीत, लिहिताना झेड) जाहीर करणं. १३३०झेड म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात, आणि दर वेळी कोणीतरी दुपारी दीडलाच येऊन विचारतं की एटीसी कुठे आहे. मेंटर त्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकत बसतो आणि सूचना डिस्कॉर्डवर बाजूला देतो, पायलटांसमोर टोकायचं नाही हा अलिखित नियम.

परीक्षा मात्र वेगळी. व्हॅटसिमवर तिला सीपीटी (कंट्रोलर प्रॅक्टिकल टेस्ट) म्हणतात, युरोपात ती बऱ्याचदा इव्हेंटसारखीच जाहीर करतात म्हणजे लोक आपणहून उडायला येतात. तिथे मेंटर मदत करत नाही, एक्झामिनर नुसता बघतो. क्रॉस द पाँडसारख्या अटलांटिक ओलांडायच्या मोठ्या इव्हेंटमध्ये तर पायलटांना स्लॉट (निघायच्या ठरलेल्या वेळा) वाटावे लागतात, शिकाऊ माणसाने तिथे सरावाला बसू नये, निरीक्षक म्हणून कनेक्ट होऊन ऐकावं.

इव्हेंट संपला की डिब्रीफ, म्हणजे काय झालं त्यावर चर्चा. तो त्याच रात्री घेतलेला बरा, दुसऱ्या दिवशी कुठल्या विमानाला कुठली उंची दिली होती हे कोणालाच आठवत नाही.