नळीच्या फुग्यावर साचणारी लाळ

“ॲडमिट केलं तेव्हा छाती साफ होती हो डॉक्टर, मग निमोनिया आला कुठून?” आयसीयूच्या दाराशी हा प्रश्न फार वेळा विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

मण्यार चावलेला एखादा शेतमजूर घ्या. रात्री जमिनीवर झोपलेला असताना दंश झाला, पहाटे पापण्या मिटू लागल्या, मग श्वासाचे स्नायू लुळे पडले. फुफ्फुसं मात्र ठणठणीत. प्रतिविष दिलं तरी मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा भरून यायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास व्हेंटिलेटरच देतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढतो. सक्शन करताना, म्हणजे नळीतून स्राव ओढून काढताना, काल पांढरट येणारा स्राव आज पिवळा-हिरवा, दाट येतोय, हे सगळ्यात आधी सिस्टरच्या लक्षात येतं. एक्स-रेवर नवा डाग दिसतो. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घातल्यावर ४८ तास उलटून गेल्यानंतर झालेल्या अशा निमोनियाला व्हेंटिलेटरशी निगडित निमोनिया म्हणतात.

नाव व्हेंटिलेटरचं असलं तरी बहुतेक वेळा वाट करून देते ती नळी. आपल्या तोंडात दिवसाला लिटरभर लाळ तयार होते. ती आपण गिळतो, आणि चुकून श्वासनलिकेत उतरलीच तर ठसका लागतो. तोंडातून श्वासनलिकेत गेलेली नळी स्वरयंत्राचं दार सतत उघडं ठेवते, शिवाय धड खोकताही येत नाही. नळीच्या टोकाजवळ एक फुगा असतो. तो श्वासनलिकेला चिकटून बसावा अशी अपेक्षा, पण फुगवल्यावर त्याला बारीक चुण्या पडतात. फुग्यावर साचलेली लाळ त्या चुण्यांमधून थेंबाथेंबानं खाली झिरपते. फुगा आणखी फुगवावा म्हटलं, तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतकाच ठेवतात.

आजारी माणसाच्या तोंडातले जीवाणूही काही दिवसांत पालटतात. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला यांनी ठाण मांडलंय. कार्बापेनेमसारखी भारी प्रतिजैविकंही त्यांच्यावर अनेकदा चालत नाहीत. मग मूत्रपिंडांना इजा करू शकणारं कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरावं लागतं आणि मूत्रपिंडांची काळजी सुरू होते.

म्हणूनच मला या आजारात औषधांपेक्षा रोजची शुश्रूषा मोठी वाटते. १९९९ साली बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी ८६ रुग्णांची तुलना केली. सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये या निमोनियाची लक्षणं दिसली, पाठ ४५ अंशांत उंच ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांमध्ये. पुढच्या अभ्यासांत फरक नेहमी इतका मोठा आला नाही, पण पलंगाचं डोकं उचलायला खर्च काय येतो? अडचण असते ती ते उचललेलंच ठेवण्याची. चादर बदलताना मावशी-मामा पलंग सपाट करतात, एक्स-रेवाला येऊन जातो, आणि तो तसाच राहतो.

दुसरं साधन म्हणजे टूथब्रश. वर्षानुवर्षं क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं तोंड पुसलं जायचं. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी त्याऐवजी रोज दात घासायला सांगितलं. बेशुद्ध माणसाचे दात घासणं सोपं नसतं. एका हातानं नळी धरायची, दुसऱ्या हातानं हळूच ब्रश फिरवायचा आणि सोबत सक्शन चालू ठेवायचं. एका सिस्टरकडे चार-पाच रुग्ण असतील तर हे काम सर्वांत आधी राहून जातं, आणि त्यासाठी सिस्टरला बोल लावणं अन्यायाचं आहे.

सगळ्यात मोलाचं म्हणजे नळी लवकर काढणं. शिकागोत २००० साली व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिलं जाणारं गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवून पाहिलं, तेव्हा व्हेंटिलेटरचा काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला.

मण्यारीच्या रुग्णात आम्ही मान बघतो. उशीवरून डोकं उचलून पाच सेकंद धरता आलं की ताकद परतू लागली असं समजायचं. मग काही वेळ स्वतःच्या दमावर श्वास घ्यायला लावतात, फुग्यावरची लाळ ओढून घेतात, फुगा सोडतात आणि नळी बाहेर काढतात. पाठोपाठ येतो तो घोगरा, जोरदार खोकला.